आठवीनंतरचा रस्ता : बिहारच्या सायकल योजनेचा प्रकरण अभ्यास

बिहारच्या खेड्यात वीस वर्षांपूर्वी मुलगी आठवी पास झाली की घरात एक हिशेब मांडला जायचा. आठवीपर्यंतची शाळा गावात, फार तर शेजारच्या वस्तीवर. नववीची शाळा मात्र तीन, पाच, कधी सात-आठ किलोमीटरवर. चालत जायचं तर दिवसाचे दोन-तीन तास रस्त्यातच जाणार, आणि तेवढे तास पाणी, गुरं, धाकटी भावंडं यांच्या वाट्यातून कापले जाणार. त्याहून मोठी अडचण वाटेची. चौदा वर्षांची मुलगी शेतांमधल्या सुनसान रस्त्याने एकटी जाणार, सोबत कोण? भाऊ त्याच शाळेत असेल तर ठीक. नसेल तर "आठवी झाली, पुष्कळ शिकली" म्हणून विषय मिटायचा आणि पुढच्या लग्नसराईपासून स्थळं बघायला सुरुवात व्हायची.

ही गळती त्या काळात फारशी कुणाच्या डोळ्यांत खुपत नव्हती, कारण देशाचं सगळं लक्ष पहिली ते आठवीवर होतं. सर्व शिक्षा अभियान २००१ मध्ये सुरू झालं ते प्राथमिक शिक्षणासाठी. पुढे शिक्षण हक्क कायदा आला तोही ६ ते १४ या वयोगटापुरता. माध्यमिक शाळांसाठीचं केंद्राचं मोठं अभियान २००९ मध्ये आलं. त्यामुळे मधल्या काळात एक विचित्र अवस्था होती. आठवीपर्यंत मुलींना आणण्यासाठी पुस्तकं, मध्यान्ह भोजन, गावोगावी वर्गखोल्या, आणि आठवीच्या पुढे पाच किलोमीटर रिकामा रस्ता.

बिहारची स्थिती देशात सर्वांत वाईट. २००१ च्या जनगणनेत तिथली स्त्री-साक्षरता ३३ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे तीनपैकी दोन बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ६९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. नोव्हेंबर २००५ मध्ये नितीश कुमार मुख्यमंत्री झाले तेव्हा राज्याकडे पैसा कमी, शिक्षक कमी आणि प्रशासनाची पत तर त्याहून कमी होती.

अशा वेळी समितीने सुचवावा असा सरळ उपाय म्हणजे शाळा वाढवा. तो चुकीचा नाही. पण माध्यमिक शाळा म्हणजे विषयवार शिक्षक, प्रयोगशाळा, मंजूर पदं, जागा. एका शाळेला उभं राहायला काही वर्षं लागतात, आणि आज चौदा वर्षांची असलेली मुलगी तोपर्यंत सासरी पोचलेली असते. बिहारने उलटं टोक धरलं. शाळा जिथे आहे तिथेच राहू दे, मुलीला तिथवर पोचवू. २००६ मध्ये 'मुख्यमंत्री बालिका सायकल योजना' जाहीर झाली.

योजना कशी चालायची

योजना एका वाक्यात सांगता येते, आणि हाच तिचा गुण. सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेत नववीत नाव घालणाऱ्या प्रत्येक मुलीला सायकलसाठी २,००० रुपये. ही रक्कम पुढे २,५०० आणि नंतर ३,००० झाली. पैसे शाळेमार्फत यायचे. बऱ्याच ठिकाणी शाळेच्या आवारात कार्यक्रम व्हायचा, गावचा मुखिया (आपल्याकडचा सरपंच) आणि गटपातळीवरचे अधिकारी यायचे, मुख्याध्यापक एकेका मुलीचं नाव पुकारून रक्कम द्यायचे. मुलीच्या घरच्यांनी दुकानात जाऊन सायकल घ्यायची आणि पावती शाळेत आणून द्यायची. दोन हजारांत सायकल बसत नसे तेव्हा घरचे वरचे पैसे घालायचे.

सायकल देण्याऐवजी पैसे का दिले, हा प्रश्न योजनेचा अभ्यास करणाऱ्यांनी पुष्कळ चघळला आहे. सरकारने स्वतः लाखो सायकली विकत घ्यायच्या म्हटलं की निविदा येते, पुरवठादार येतो, गोदाम येतं. वाटप कधी जूनमध्ये होत नाही, कधी फेब्रुवारीत होतं, आणि हातात पडते ती सायकल पहिल्या पावसाळ्यात कुरकुरायला लागते. ज्या राज्यांनी वस्तू वाटायचा मार्ग धरला त्यांच्याबद्दल अशा बातम्या वर्षानुवर्षं वाचायला मिळतात. बिहारच्या मार्गात सायकल निवडणारा बाप किंवा मामा असतो. तो चाक फिरवून बघतो, घंटी वाजवून बघतो, भाव करतो. दर्जा तपासायला सरकारला निरीक्षक नेमावा लागत नाही.

उलट बाजूने भीती अशी होती की रोख पैसे घरात विरघळतील. दोन हजार रुपये त्या घरात बी-बियाणं, औषधपाणी, उधारी अशा कितीतरी तोंडांत गेले असते. प्रत्यक्षात तसं फारसं झालं नाही. नंतर झालेल्या पाहण्यांत पैसे मिळालेल्या बहुतेक मुलींच्या घरी सायकल आढळली आणि मधल्या मध्ये रक्कम गायब होण्याचं प्रमाण बिहारच्या तोवरच्या लौकिकाला न शोभण्याइतकं कमी निघालं. याचं कारण मला त्या आवारातल्या कार्यक्रमात दिसतं. कुणाला किती मिळाले हे अख्ख्या गावासमोर ठरलं. रक्कम सगळ्यांना सारखी, त्यामुळे "तुला दीड हजारच मंजूर झाले" असं कुणी सांगू शकत नव्हतं. आणि आठवड्याभरात शेजारच्या तीन घरांपुढे नव्या सायकली उभ्या राहिल्या की चौथ्या घराला पैसे खाऊन टाकणं जड जायचं. गावाची नजर एरवी मुलींच्या पायांत येते, इथे ती त्यांच्या बाजूने कामाला लागली.

सुरुवातीला योजना फक्त मुलींसाठी होती. दोन-तीन वर्षांनी मुलांनाही सायकलीचे पैसे मिळू लागले. राजकारणात हे अपेक्षितच होतं. पण मधल्या त्या अवधीमुळे एक दुर्मीळ संधी तयार झाली, योजनेचा परिणाम नीट मोजण्याची.

परिणाम योजनेचाच, हे कशावरून?

सरकारी योजनांच्या यशोगाथा बहुतेक एकाच साच्यातल्या असतात. आधी इतक्या मुली होत्या, आता इतक्या आहेत, सबब योजना यशस्वी. बिहारमध्ये तर हे म्हणणं फारच धोक्याचं होतं, कारण २००५ नंतर तिथे एकाच वेळी कितीतरी गोष्टी बदलत होत्या. रस्ते होत होते. गुन्हेगारांवरचे खटले वेगाने चालवले जात होते. पंचायतींत स्त्रियांना ५० टक्के जागा राखून ठेवणारं पहिलं राज्य म्हणून २००६ मध्ये बिहारचं नाव झालं. हजारो नवे शिक्षक नेमले गेले. त्यात देशभर मुलींचं शिक्षण तसंही वाढत होतं. मग नववीत वाढलेली मुलगी सायकलीमुळे आली की रस्त्यामुळे की काळामुळे?

कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी याचं उत्तर शोधायला जी रीत वापरली ती समजून घेण्यासारखी आहे. २००७-०८ मध्ये झालेल्या जिल्हास्तरीय घरगुती पाहणीतली माहिती त्यांनी घेतली. पहिली तुलना वयाची. पाहणीच्या वेळी १४-१५ वर्षांच्या मुली योजनेच्या टप्प्यात येत होत्या, १६-१७ वर्षांच्या मुलींची नववीची वेळ योजनेआधीच टळून गेली होती. पण धाकट्या मुली जास्त शिकतात हे तर कुठेही खरं असतं. म्हणून दुसरी तुलना मुलांशी. रस्ते, शिक्षक, राज्याची सुधारलेली घडी यांचा फायदा मुलांनाही झाला असणार. मुलींची वाढ मुलांच्या वाढीपेक्षा किती जास्त, एवढंच मोजायचं. तरी एक शंका उरते, की मुलामुलींमधलं अंतर सगळीकडेच कमी होत असेल. म्हणून तिसरी तुलना झारखंडशी. नोव्हेंबर २००० पर्यंत झारखंड बिहारचाच भाग होता. कारभाराची रीत तीच, गरिबी तीच, सायकल योजना मात्र नव्हती.

या तीन चाळण्यांतून जे खाली उरलं ते असं : योग्य वयात माध्यमिक शाळेत असणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि मुलामुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. इथे एक खबरदारी हवी. ३२ टक्के वाढ म्हणजे शंभरातल्या आणखी ३२ मुली शाळेत आल्या असा अर्थ नाही. मूळचा आकडाच फार लहान होता, त्याच्या ३२ टक्के. वर्तमानपत्रांतून हा फरक अनेकदा पुसला जातो आणि मग योजना जादूसारखी वाटायला लागते.

मला स्वतःला त्या अभ्यासातला सर्वांत पटणारा भाग पुढचा वाटतो. सायकलीमुळेच फरक पडला असेल तर तो जिथे शाळा लांब आहे तिथे दिसायला हवा. शाळा गावातच असेल तर सायकल असून-नसून सारखीच. त्यांनी गावापासून माध्यमिक शाळेच्या अंतरानुसार आकडे वेगळे केले. वाढ मुख्यतः तीन किलोमीटर आणि त्याहून लांबच्या गावांत होती. फारच लांब गेलं की परिणाम पुन्हा ओसरत होता, कारण रोज तेवढं अंतर सायकलनेही कोण मारणार? सुधारलेल्या कायदा-सुव्यवस्थेचा फायदा मुलींना मुलांपेक्षा अधिक झाला असेल, ही शंका तिन्ही चाळण्यांतून निसटते. अंतराच्या या आलेखाने तिलाही बऱ्यापैकी उत्तर मिळतं. नुसता पैसा मिळाल्यामुळे मुली शाळेत आल्या असत्या तर जवळच्या गावांतही तेवढ्याच आल्या असत्या.

खर्चाच्या बाबतीतही योजना उजवी ठरली. दक्षिण आशियात मुलींच्या माध्यमिक शिक्षणासाठी सर्वांत गाजलेला प्रयोग म्हणजे बांगलादेशची शिष्यवृत्ती. १९९४ पासून तिथे ग्रामीण भागातल्या मुलींना माध्यमिक शाळेत असेपर्यंत ठरावीक रक्कम मिळत होती. अटी तीन : ७५ टक्के हजेरी, परीक्षेत किमान ४५ टक्के गुण आणि लग्न झालेलं नसणं. बांगलादेशात मुलींची शाळेतली संख्या मुलांच्या बरोबरीला येण्यात त्या योजनेचं श्रेय मोठं मानलं जातं. मुरलीधरन आणि प्रकाश यांच्या हिशेबात मात्र खर्च केलेल्या प्रत्येक रुपयामागे सायकलीने अशा सशर्त रोख योजनांपेक्षा बऱ्याच जास्त मुली शाळेत आणल्या. हप्त्याहप्त्याने दिलेली रक्कम घरखर्चात मिसळते. सायकल वर्षानुवर्षं शाळेचीच वाट तुडवते.

जे मागितलं नाही

या प्रकरणातून शिकण्यासारखं काय, असं विचारलं तर लोक पटकन "सायकल" म्हणतात. सायकल वाटणारं बिहार पहिलं राज्य नव्हे. तमिळनाडूने त्याच्या काही वर्षं आधी अनुसूचित जाती-जमातींच्या अकरावी-बारावीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली होती, छत्तीसगढनेही २००६ पूर्वी ठरावीक गटांतल्या मुलींना दिल्या होत्या. मला बिहारचं वेगळेपण दुसरीकडे दिसतं. या योजनेने मुलीकडून काय मागितलं नाही, याची यादी करून बघा.

उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड मागितलं नाही. जातीचं प्रमाणपत्र मागितलं नाही. आठवीचे गुण विचारले नाहीत. घरात आधी सायकल आहे का, हेही विचारलं नाही. नववीत नाव घातलं की हक्क झाला. लक्ष्याधारित, म्हणजे ठरावीक गरजूंनाच लाभ देणाऱ्या, योजनांचे पुरस्कर्ते म्हणतील की यात सुखवस्तू शेतकऱ्याच्या मुलीलाही दोन हजार मिळाले, सरकारचा पैसा वाया गेला. गेला असेल थोडा. पण एकेक दाखला म्हणजे तहसीलला एकेक फेरी, आणि ती फेरी मारतो बाप, रोजगार बुडवून. ज्या घरात मुलीला पुढे शिकवायचं की नाही याबद्दल आधीच मन दोन्हीकडे आहे, तिथे दोन फेऱ्या हे निमित्त पुरतं. सर्वांत गरीब, सर्वांत कमी शिकलेलं आणि कचेरीची सर्वांत जास्त भीती असलेलं घर पहिल्यांदा गळतं. म्हणजे गरिबांसाठी म्हणून लावलेली चाळणी गरिबांनाच अडवते. त्यात कमकुवत प्रशासनाला पात्रता तपासायचं काम दिलं की तपासणाऱ्याच्या हातात अडवण्याची किल्ली येते, आणि त्या किल्लीचा दर गावात सगळ्यांना माहीत असतो.

सगळ्याजणींना एकदम देण्याचा आणखी एक परिणाम झाला, जो कागदावर कुणी लिहिला नव्हता. एखाद-दुसऱ्या मुलीला सायकल मिळाली असती तर ती गावात "सायकलवाली" ठरली असती. तिच्यावर शेरे झाले असते आणि चार दिवसांत सायकल भावाच्या ताब्यात गेली असती. वीस मुलींना एकाच आठवड्यात मिळाली तेव्हा शेरा मारणाऱ्याची स्वतःची बहीणही त्यांत होती. गणवेशातल्या मुलींचे घोळके रस्त्याने जायला लागले, आणि "सोबत कोण" या प्रश्नाचं उत्तर त्या घोळक्यानेच दिलं. सायकल शिकवणं हासुद्धा तेव्हा गावाचा कार्यक्रमच झाला. तिथल्या किती घरांत त्याआधी कुठल्या बाईने सायकल चालवली होती?

नेमकी वेळ साधणं हाही कळीचा भाग होता. पैसे नववीच्या सुरुवातीला, म्हणजे घरातला हिशेब मांडला जात असतो त्याच आठवड्यांत. दहावीच्या शेवटी दिलेलं बक्षीस कितीही मोठं असलं तरी नववीचा रस्ता त्याने ओलांडता येत नाही.

पुढच्या वर्षांत योजनेला अटी चिकटत गेल्या. ७५ टक्के हजेरीची अट आली, बँक खातं आलं, थेट हस्तांतरण आलं. यामागे कारणं होती. काही मुलींची नावं सरकारी आणि खाजगी अशा दोन्ही शाळांत घालून पैसे उचलल्याच्या, पटावर खोटी नावं दाखवल्याच्या तक्रारी होत होत्या. तरीही हजेरीच्या अटीबद्दल माझं मन राजी होत नाही. लांब राहते म्हणून हजेरी कमी असलेल्या मुलीला सायकल मिळण्यासाठी आधी हजेरी भरायला सांगायची, हे कोडं कुणी सोडवायचं?

राजकीय टीका तर पहिल्या दिवसापासून होती : सायकली वाटून मतं घेतली. २०१० च्या विधानसभा निवडणुकीत सत्ताधारी आघाडीने २४३ पैकी २०६ जागा जिंकल्या आणि बिहारमध्ये स्त्रियांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांच्या पुढे गेली, त्यामुळे टीकेला धारही आली. घेतली असतील मतं. शाळेच्या वाटेवरच्या मुली दाखवून कुणी मतं मागत असेल तर मला त्यात तक्रारीसारखं काही दिसत नाही. मतं मागायच्या इतर रीतीही आपण पाहिलेल्या आहेत.

अठरा आणि बारा

आता दुसरी बाजू. त्याच अभ्यासात दहावीच्या बोर्डाचे आकडे आहेत. सायकल योजनेमुळे दहावीला बसणाऱ्या मुलींची संख्या १८ टक्क्यांनी वाढली, आणि पास होणाऱ्या मुलींची १२ टक्क्यांनी.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की योजनेची हद्द कळते. नव्याने आलेल्या मुली त्याच वर्गात बसल्या जिथे आधीच बाकं कमी होती, गणिताचा शिक्षक बऱ्याचदा नव्हता, विज्ञान फळ्यावरच होतं. या मुली बहुतेक घरातल्या पहिल्याच दहावीपर्यंत पोचलेल्या. आठवीपर्यंतचा त्यांचा पाया कच्चा होता, कारण आठवीपर्यंत कुणी नीट शिकवत नव्हतं. सायकलने त्यांना दारापर्यंत आणलं. आत शिकवण्यासाठी वेगळा पैसा, वेगळी माणसं आणि बरीच जास्त चिकाटी लागते. पटसंख्या वाढवणं हे एका अंदाजपत्रकाचं काम आहे. शिकवणं सुधारणं हे दहा अंदाजपत्रकांचं आहे, आणि त्याचा कार्यक्रम शाळेच्या आवारात मंडप घालून करता येत नाही.

तरीसुद्धा पुढच्या वर्षांचे आकडे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. २००५-०६ मध्ये ६९ टक्के असलेलं अठराच्या आतल्या लग्नांचं प्रमाण २०१५-१६ च्या पाहणीत ४२.५ टक्क्यांवर आलं. याचं श्रेय एकट्या सायकलीला देणं चूक ठरेल. रस्ते, मोबाइल, बाहेरगावी जाणारे पुरुष, बचत गटांची चळवळ, कितीतरी हात त्यात आहेत. त्यापुढच्या पाहणीत, २०१९-२१ मध्ये, हा आकडा ४०.८ वरच अडकलेला दिसतो. पहिल्या दहा वर्षांत जे सहज हललं ते हललं, उरलेलं घट्ट बसलेलं आहे. बिहार बोर्डाच्या दहावीला मात्र २०२४ मध्ये मुलांपेक्षा मुली जास्त बसल्या. २००५ मध्ये हे कुणी सांगितलं असतं तर पाटण्यात लोक हसले असते.

आणि शिकून पुढे काय? २०१७-१८ च्या श्रमशक्ती पाहणीत ग्रामीण स्त्रियांचा कामातला सहभाग देशात सर्वांत कमी निघाला तो बिहारमध्येच. दहावी-बारावी झालेली मुलगी शेतमजुरीला जाऊ इच्छित नाही, घरचेही पाठवत नाहीत, आणि तिच्या शिक्षणाला साजेसं काम जिल्ह्यात नाही. शिक्षिका, परिचारिका, आशा सेविका, पोलीस भरती, एवढ्याच काय त्या वाटा. पोलीस भरतीसाठी पहाटे पळण्याचा सराव करणाऱ्या मुली तिथल्या मैदानांवर आता नेहमीचं दृश्य झालं आहे. २०१८ मध्ये आलेल्या कन्या उत्थान योजनेत बारावी पास अविवाहित मुलीला आणि पदवीधर मुलीला रोख रक्कम मिळते. या रकमा आता २५,००० आणि ५०,००० रुपये आहेत. साखळी पुढे जोडली गेली हे खरं. पण पदवीच्या शेवटी मिळणारे पन्नास हजार आणि नववीच्या सुरुवातीला मिळालेले दोन हजार यांत दुसरे जास्त कामाचे होते, असं मला वाटतं.

झांबियात तीच सायकल, दुसरी परीक्षा

झारखंडशी तुलना कितीही नेटकी असली तरी ती मागाहून केलेली होती. निशीथ प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे झांबियात वेगळ्या पद्धतीने तोच प्रश्न तपासला. 'वर्ल्ड बायसिकल रिलीफ' ही संस्था तिथल्या सरकारबरोबर शाळेपासून लांब राहणाऱ्या मुलींना सायकली देत होती. कुठल्या शाळांना सायकली मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवण्यात आलं आणि मिळालेल्या व न मिळालेल्या शाळांची तुलना झाली. सायकल मिळालेल्या मुलींचा शाळेला जाण्यातला वेळ सरासरी ३५ टक्क्यांनी घटला, उशिरा पोचणं ६६ टक्क्यांनी आणि गैरहजेरी २७ टक्क्यांनी कमी झाली. झांबियातल्या सायकली खास मातीच्या रस्त्यांसाठी बनवलेल्या, जड आणि दणकट होत्या. शिवाय गावात देखरेख समिती होती आणि दुरुस्तीसाठी मेकॅनिक तयार केले होते. बिहारमध्ये दर दोन मैलांवर पंक्चरवाला असतो. झांबियाच्या विरळ वस्तीत तो नसतो, म्हणून तो आधी घडवावा लागला.

इकडे, आपल्या तालुक्यांत

महाराष्ट्राने याच प्रश्नाला मुख्यतः एसटीने उत्तर दिलं. मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना बिहारच्या सायकलीपेक्षा जुनी आहे. मानव विकास कार्यक्रमात मागास १२५ तालुक्यांत खास मुलींच्या शाळेच्या वेळा धरून निळ्या बस धावू लागल्या, आणि शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळतं.

बस सायकलपेक्षा सुरक्षित, पावसात बरी आणि पंधरा किलोमीटरलाही चालते. पण बस वेळापत्रकाची असते, सायकल मुलीची. शनिवारी शाळा सकाळची असते आणि बस दुपारची. जादा तासाला थांबलं की शेवटची गाडी चुकते. नोव्हेंबर २०२१ पासून पुढचे काही महिने एसटीचा संप चालला तेव्हा पास खिशात असूनही खेड्यातल्या किती मुलींची शाळा घरीच राहिली, हे ग्रामीण शिक्षकांना विचारा. दुसऱ्या बाजूने, सह्याद्रीच्या घाटवाटांवर किंवा गडचिरोलीच्या जंगलात सायकल देऊन काम झालं असं म्हणणं म्हणजे नकाशा न बघता बोलणं. बीडच्या ऊसतोड कुटुंबातली मुलगी तर सहा महिने गावातच नसते. तिला सायकलही नको आणि पासही नको, तिला मागे राहता येईल असं हंगामी वसतिगृह हवं, आणि तेही कारखान्यांचा हंगाम सुरू होण्याआधी उघडलेलं.

म्हणून बिहारकडून घ्यायची ती रीत घ्यावी. एखाद्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्याने मे महिन्यात आठवी पास झालेल्या सगळ्या मुलींची यादी शाळांकडून मागवावी. प्रत्येकीच्या घरापासून पुढची शाळा किती लांब, मधे ओढा आहे का, घाट आहे का, बस किती वाजता येते, हे केंद्रप्रमुखाला एका आठवड्यात भरता येतं. तीन ते सात किलोमीटर सपाट रस्ता असलेल्या गावांत सगळ्याच मुलींना, दाखला न मागता, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पैसे, त्यापलीकडे बस, ज्यांचं घरच हलतं त्यांना वसतिगृह. आणि १५ जुलैला तीच यादी पुन्हा काढून कुणाचं नाव नववीच्या पटावर नाही ते बघावं. तोवर लग्नाच्या तिथी संपलेल्या असतात आणि मुलीला परत आणायला अजून वेळ असतो.